समुद्राच्या पोटांतील वाटाडे

गेल्या वर्षाच्या अखेरीस आमच्या विद्यालयाच्या पालकसभेंत एक प्रश्न निघाला आणि त्याचा निकाल न लागतांच सभा संपली. दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें, पुढें काय करणार असें विचारलें असतां, "मालदीवला जाऊन स्कूबाचा मार्गदर्शक होणार," असें उत्तर दिलें होतें. त्याच्या वडिलांस तें मुळींच रुचलें नव्हतें. ते स्वतः मासेमारीचा धंदा करणारे. तांडेल म्हणून होडीवर त्यांचें उभें आयुष्य गेलें. "सर, पाण्यांतून बाहेर पडावा म्हणून ह्याला शिकवला, आणि हा तर पाण्याच्या खालींच निघाला!" असें ते म्हणाले तेव्हां सभा हंसली. आम्हीहि हंसलों. परंतु घरीं जातां जातां त्या हंसण्याची आम्हांस थोडी लाज वाटूं लागली. कारण त्या गृहस्थांच्या बोलण्यांत विनोद नव्हता, काळजी होती. सभेंत जें बोलावयास हवें होतें व बोलतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहों.

प्रथम हा धंदा आहे तरी काय, हें सांगितलें पाहिजे. पुष्कळ पालकांची समजूत अशी दिसते कीं, परदेशच्या श्रीमंत प्रवाशांबरोबर पोहावें, रंगीबेरंगी मासे पाहावे, छायाचित्रें काढावीं आणि वर पगार घ्यावा, असा हा कांहीं तरी सुखासीन उद्योग आहे. कांहींची समजूत नेमकी उलट. त्यांच्या मतें हा जिवावर उदार झालेल्या माणसांचा खेळ आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या तशा होण्यास मुलांच्या हातांतील मोबाइलवर दिसणारीं चित्रेंच बव्हंशीं कारण आहेत. त्या चित्रांत निळें पाणी दिसतें. पहाटे धक्क्यावर सिलिंडर वाहणारा मनुष्य दिसत नाहीं.

मनुष्य पुरातन काळापासून बुड्या मारीत आला आहे; मोत्यांसाठीं, शंखांसाठीं, बुडालेल्या मालासाठीं. पण तो श्वास कोंडून बुडे, किंवा त्याला वरून नळीनें हवा पुरविली जाई आणि मग नळी जाईल तेवढाच तो जाई. सन १९४३ मध्यें फ्रेंच आरमारांतील अधिकारी जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचे यंत्रज्ञ यांनीं ही नळी तोडली. महायुद्धामुळें फ्रान्समध्यें पेट्रोल मिळेनासें झालें होतें व मोटारी गॅसवर चालविण्याच्या खटपटी सुरू होत्या. त्यासाठीं गान्यां यांनीं बनविलेली एक झडप या कामीं उपयोगी पडली. पाठीवर दाबून भरलेल्या हवेचें नळकांडें, आणि तोंडाशीं अशी झडप कीं जी श्वास घेतला कीं तेवढीच हवा देते, व तीहि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची. एवढ्या युक्तीनें मनुष्य पाण्याखालीं मोकळा झाला. पुढें हौशी लोकांस ही विद्या शिकविणाऱ्या संस्था निघाल्या; त्यांपैकीं 'पॅडी' ही मोठी संस्था अमेरिकेंत १९६६ सालीं स्थापन झाली. तिचीं व तिच्यासारख्या इतर संस्थांचीं प्रमाणपत्रें आज देशोदेशींच्या किनाऱ्यांवर चालतात. वाटाड्याचें, म्हणजे ज्यास त्या भाषेंत 'डाइव्हमास्टर' म्हणतात त्याचें, पॅडीचें प्रमाणपत्र मिळण्यास वयाचीं १८ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. शिक्षणास आरंभ करतांना ४० व शेवटीं ६० बुड्यांची नोंद असावी लागते. शिवाय डॉक्टरांचा दाखला लागतो. शिक्षक व्हावयाचें तर परीक्षेपूर्वीं १०० बुड्या.

आतां नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं जरा कान टवकारावे. वायूवरील दाब वाढला कीं त्याचें आकारमान त्याच प्रमाणांत घटतें, हा रॉबर्ट बॉइल यांनीं १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतों. पाण्याखालच्या वाटाड्यास तो दररोज जगावा लागतो. समुद्रांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. समजा, १२ लिटरच्या सिलिंडरांत २०० बार दाबानें हवा भरली आहे, आणि शेवटचे ५० बार संकटासाठीं राखून ठेवावयाचे आहेत. म्हणजे वापरण्यास १,८०० लिटर हवा उरली. मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्या मनुष्यास ती पृष्ठभागावर ९० मिनिटें पुरेल. ३० मीटरवर तीच हवा साडेबावीस मिनिटांत संपेल. मनुष्य घाबरला, हातपाय मारूं लागला, तर त्याहूनहि लवकर. पाहुण्याला हा हिशेब ठाऊक असतोच असें नाहीं. वाटाड्याला तो प्रत्येक पाहुण्यापुरता मनांत चालू ठेवावा लागतो.

खालीं जाण्यापेक्षां वर येण्यांत धोका अधिक, ही गोष्ट तर पुष्कळांस नवीच वाटेल. १० मीटरवर छातीभर श्वास घेऊन तो तसाच कोंडून जो वर येईल, त्याच्या छातींतील हवा वर पोहोंचेपर्यंत दुप्पट होऊं पाहील. आणि फुप्फुस म्हणजे कांहीं रबरी फुगा नव्हे. दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखालीं श्वासावाटे आलेला नायट्रोजन रक्तांत व शरीराच्या इतर भागांत विरघळून राहतो. मनुष्य सावकाश वर आला तर तो हळूहळू निघून जातो. घाईनें आला तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे शरीरांतच सुटतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालतांना दाबाच्या हवेंत काम करणारे मजूर याच विकारानें वांकले, आणि खुद्द मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग यांस त्यानें जन्माचें अधू केलें. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्यानें वर कसें यावें याचे नियम १९०८ सालीं प्रसिद्ध केले. आजहि पाणबुडे वर येतांना ५ मीटरवर तीन मिनिटें थांबतात, आणि एकामागून एक अनेक बुड्या मारल्या असल्यास निदान १८ तास विमानांत बसत नाहींत, तें याच कारणानें.

आमच्या विद्यालयांतून गेलेला एक विद्यार्थी मालदीवमध्यें हें काम करतो. तिकडचा हंगाम पावसाळ्यांत मंदावतो. त्या वेळीं तो घरीं आला असतां आम्हीं त्याला बोलावून घेऊन दोन तास प्रश्न विचारले. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणेस लक्षद्वीप ओलांडलें कीं मालदीवचीं बेटें लागतात. सुमारें १,१९० बेटें, सारीं पोंवळ्यांनीं बांधलेलीं, आणि समुद्रावर जेमतेम दीड-दोन मीटर डोकें काढून उभीं. कंकणाकृति बेटांच्या समूहाला जगभर 'अॅटोल' म्हणतात, तो शब्दच मुळीं तेथील दिवेही भाषेचा. तेथें प्रवाशांसाठीं पहिलें विश्रामस्थान १९७२ सालीं निघालें. त्यापूर्वीं तेथील लोक मुख्यतः टूना माशांवर जगत. आज देशाचा मोठा भार प्रवाशांवर आहे, आणि प्रवासी येतात ते बहुतांशीं पाण्यासाठीं.

ह्या मुलाचा दिवस पहाटे सुरू होतो. ॲल्युमिनियमचें रिकामें सिलिंडर सुमारें १४ किलो भरतें. तीं वीस-तीस सिलिंडरें 'धोणी'वर, म्हणजे तिकडच्या होडीवर, चढवावयाचीं. प्रत्येकाचा दाब पाहावयाचा. प्राणवायूची पेटी बरोबर आहे कीं नाहीं, पाहुण्यांचीं प्रमाणपत्रें व प्रकृतीचीं पत्रकें भरलीं आहेत कीं नाहींत, हें तपासावयाचें. होडी खाडीच्या तोंडाशीं पोहोंचली कीं प्रथम हा एकटा उडी घेऊन प्रवाह कोणत्या दिशेनें व किती जोरानें वाहतो तें पाहून येतो. अॅटोलच्या आंतबाहेर जाणारें पाणी अशा अरुंद वाटांतून नदीसारखें धांवतें. मग पाहुण्यांस समजावून सांगणें, त्यांना खालीं नेणें, दर दोन-तीन मिनिटांनीं त्यांचीं डोकीं मोजणें, प्रत्येकाच्या हवेचा कांटा विचारणें, आणि जमलें तर वाटेंत एखादें कांसव किंवा पाकट दाखविणें. अशा दोन बुड्या, कधीं तीन. सायंकाळीं सारें सामान गोड्या पाण्यानें धुवून वाळत घालावयाचें, नोंदवह्या भरावयाच्या, आणि जेवणानंतर पाहुण्यांजवळ बसून आज पाहिलेल्या माशांचीं नांवें पुस्तकांतून काढून द्यावयाचीं. आम्हीं विचारलें, "तूं स्वतः मासे केव्हां पाहतोस?" तो हंसला. म्हणाला, "सर, मी माणसेंच पाहतों. मासे पाहुण्यांना."

हें काम हलकें नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. ज्याच्या हातीं रोज सहा-आठ अनोळखी माणसांचे जीव असतात, त्याचा धंदा हलका कसा? एखाद्या मुलानें परदेशीं हॉटेलांत कारकुनी धरली तर आम्ही त्याचें अभिनंदन करतों, आणि पाण्याखालीं माणसें सांभाळणाऱ्याला 'तो काय, पोहणारा' म्हणून बाजूस सारतों. ही आमच्या पांढरपेशा मनाची जुनी खोड आहे.

पण आमचा मुख्य मुद्दा याच्या पुढें आहे. त्या दोन तासांच्या बोलण्यानंतर आमचें असें मत झालें कीं, या धंद्यांत खरें कसब पोहण्याचें नाहीं, दाखविण्याचें नाहीं, तर नाहीं म्हणण्याचें आहे. एके दिवशीं त्याच्या तुकडींतील पाहुण्यांना हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क पाहावयाचे होते. शार्क खोल होते, प्रवाह जोराचा होता, आणि एका पाहुण्याची हवा अर्ध्याच्या खालीं गेली होती. मालदीवच्या नियमांप्रमाणें हौशी पाणबुड्यांस ३० मीटरची मर्यादा आहे, आणि शार्क त्या मर्यादेच्या पलीकडे होते. पाहुणे खालीं बोट दाखवूं लागले. ह्यानें अंगठा वर केला. (पाण्याखालीं अंगठा वर करणें म्हणजे 'छान' असें नव्हे, 'आतां वर चला' असा त्याचा अर्थ आहे, आणि ती खूण कोणींहि केली तरी तिच्यावर वाद घालावयाचा नसतो.) सर्वजण सुखरूप वर आले. वर आल्यावर पाहुण्यांनीं तक्रार केली कीं, आमचे पैसे फुकट गेले. व्यवस्थापकानें ह्याला पंधरा दिवस हवा भरण्याच्या खोलींत बसविलें. बुडी नाहीं म्हणजे बक्षिसी नाहीं, आणि बक्षिसीवांचून पगार म्हणजे नांवापुरता. त्या जागेचें नांव आम्ही येथें देत नाहीं; अशा जागा पुष्कळ असाव्यात.

पुढें त्यानें ती नोकरी सोडली व दुसऱ्या बेटावर धरली. तें त्याला शक्य झालें, कारण त्याच्यापाशीं घरीं परत येण्याच्या तिकिटाचे पैसे स्वतंत्र ठेवलेले होते व डोक्यावर कर्ज नव्हतें. आमचा दुसरा एक माजी विद्यार्थी इतका सुदैवी नव्हता. तो पूर्वेकडील एका बेटावर, शिक्षणाच्या मोबदल्यांत कांहीं महिने बिनपगारी काम करण्याच्या बोलीवर गेला. असे करार या धंद्यांत जागोजाग आढळतात. नांव 'प्रशिक्षण' असतें, आणि कामें सिलिंडर उचलण्याचीं व होडी धुण्याचीं. ते महिने संपल्यावर जी नोकरी मिळाली ती शिकविलेल्या पाहुण्यांच्या संख्येवर पैसे देणारी. एकदां त्याला सर्दी झाली होती. सर्दींत कान व घसा यांमधील वाट बंद होते, दाब समान करतां येत नाहीं, व अशा वेळीं बुडी मारावयाची नसते, हें त्याला पुरतें ठाऊक होतें. पण न जावें तर त्या दिवसाचे पैसे बुडत होते, व घरीं बहिणीच्या फीचा हप्ता द्यावयाचा होता. तो गेला. डाव्या कानाचा पडदा फाटला. आज तो गांवांतच मोटारसायकली दुरुस्त करतो. काम चांगलें करतो. बोलतांना मात्र उजवी बाजू पुढें करतो.

या दोन मुलांत धैर्याचा फरक नव्हता, ज्ञानाचाहि नव्हता. फरक खिशांतील तिकिटाचा होता. परदेशीं कामाचा परवाना बहुधा मालकाच्या नांवाशीं बांधलेला असतो. नोकरी गेली कीं राहण्याचा हक्कहि जातो. ज्याची खोली, जेवण, परवाना आणि कर्ज हीं सारीं एकाच मनुष्याच्या मुठींत आहेत, त्यानें त्या मनुष्याच्या गिऱ्हाइकाला पाण्याखालीं नाहीं म्हणावें, अशी अपेक्षा करणें सोपें, करून दाखविणें अवघड. आणि तें न म्हटल्यास केवळ त्याचाच नव्हे, पाहुण्यांचाहि जीव धोक्यांत येतो. म्हणून वाटाड्याच्या पगाराचा व कराराचा प्रश्न हा त्याचा खासगी प्रश्न नाहीं. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ही गोष्ट नवीहि नाहीं. इराणच्या आखातांत मोत्यांसाठीं बुडणारे हजारों लोक होते, आणि त्यांनीं काढलेल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आमची मुंबईच होती. हंगामाच्या आरंभीं जहाजाचा नाखुदा पाणबुड्यास उचल देई. हंगामाच्या शेवटीं हिशेबांत ती फिटलेली क्वचितच दिसे. मग पुढच्या हंगामास त्याच नाखुद्याच्या जहाजावर जाणें भाग पडे. कांहीं ठिकाणीं बापाचें कर्ज मुलाच्या माथीं येई. बहरीनमध्यें १९२० नंतरच्या दशकांत प्रत्येक पाणबुड्याचा हिशेब लिहून ठेवण्याची सुधारणा करावी लागली, ती यासाठींच. पुढें जपानांतील संवर्धित मोतीं व जगाची मंदी यांमुळें १९३० नंतर तो धंदाच बसला. मुंबईच्या सराफ्यांत मोत्याचें मोल करणाऱ्यांनीं तें काढणाऱ्याच्या उचलीचा विचार केला नाहीं. आज सुटीचीं छायाचित्रें पाहणाऱ्यांपैकीं तरी कितीजण करतात?

परावलंबी धंद्याचें दुसरें रूप २०२० सालीं दिसलें. कोव्हिडची साथ पसरल्यावर मालदीवनें मार्चच्या अखेरीस प्रवाशांस दार बंद केलें, तें १५ जुलैस उघडलें. साडेतीन महिने म्हणजे कांहीं युग नव्हे. पण रोजच्या पाहुण्यावर पोट भरणाऱ्यास तेवढे पुरेसे होतात, आणि दार उघडलें म्हणून लगेच पूर्वीइतके पाहुणे येतात असेंहि नाहीं. त्या काळांत घरच्या शेतावर वा होडीवर परतलेल्या मुलांनीं निदान भात तरी खाल्ला. आपल्या मुलानें समुद्राखालची विद्या शिकावी, पण समुद्रावरची विसरूं नये, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

कोणी म्हणेल, परक्या देशांत जाऊन तेथील लोकांची भाकरी आपण कां घ्यावी? हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं. थायलंडांत प्रवाशांच्या वाटाड्याचा धंदा कायद्यानें तेथील नागरिकांसाठींच राखून ठेवलेला आहे; परदेशी मनुष्यास पाणबुड्यांचा शिक्षक म्हणून रीतसर परवाना काढून काम करावें लागतें. आम्हांस तो कायदा अन्यायाचा वाटत नाहीं. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाण्यांत उद्यां परदेशी वाटाडे येऊन मालवणच्या पोरांना बाजूस सारूं लागले, तर आपण काय म्हणूं, याचा विचार करावा. मग प्रवासी म्हणून मिळालेल्या परवानगीवर चोरून काम करण्याचा सल्ला देणाऱ्या मित्रांपासून तर चार हात दूरच राहावें. जेथें जावें तेथें उघड दारानें जावें, आणि तेथील मुलांना आपली विद्या शिकवून यावें. मालदीवची दिवेही भाषा तर आमच्याच भाषाकुळांतील आहे. एक आणि तीन हे आंकडे त्या भाषेंत ऐकतांना आपल्या कानांस परके वाटत नाहींत. वर्षानुवर्षें त्या बेटांवर राहून चार वाक्यें न शिकणाऱ्यास आम्ही चांगला वाटाड्या म्हणणार नाहीं. होडीचा तांडेल त्याच भाषेंत ओरडतो, आणि वादळांत भाषांतरास वेळ नसतो.

त्या लोकांकडून शिकण्यासारखेंहि पुष्कळ आहे. जिवंत शार्क मेलेल्या शार्कपेक्षां देशाला अधिक मिळवून देतो, हें ओळखून मालदीवनें २०१० सालीं शार्कच्या शिकारीस बंदी केली. बा अॅटोलमधील हनिफारू नांवाच्या उपसागरांत मांटा जातीचे प्रचंड पाकट एकत्र जमतात. तेथें सिलिंडर घेऊन उतरण्यासच मनाई आहे, वरून पोहत पाहावें एवढीच मुभा. तो अॅटोल २०११ सालीं युनेस्कोच्या जीवावरण-राखीव क्षेत्रांच्या यादींत आला. स्वतःच्या मिळकतीच्या वस्तूला हात लावूं नये म्हणून नियम करणारें लहानसें राष्ट्र पाहून आम्हांस आमच्या किनाऱ्यावरील दिव्याच्या उजेडांतील मासेमारी आठवली. असो.

मात्र या धंद्याचें भांडवल त्या नियमांच्या हातांतहि पुरतें नाहीं. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं पोंवळ्यांच्या शरीरांतील सूक्ष्म वनस्पति, ज्या त्यांना अन्न आणि रंग देतात, त्या निघून जातात, व पोंवळीं पांढरीं पडतात; ताप लवकर उतरला नाहीं तर मरतात. १९९८ सालीं मालदीवच्या उथळ पाण्यांतील बहुतेक पोंवळीं अशीं मेलीं. सावरत होतीं तोंच २०१६ सालीं पुन्हां घाला आला. आणि एप्रिल २०२४ मध्यें, जगभर चौथ्यांदा हा प्रकार चालू असल्याचें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. सोळाव्या वर्षीं हा धंदा निवडणाऱ्या मुलाला साठीपर्यंत दाखवावयास काय उरेल, हें विचारणें त्याच्या बापाचा हक्क आहे. आमच्याजवळ त्याचें समाधानकारक उत्तर नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, या विद्येबरोबर सागरी जीवशास्त्राचें, होडीच्या यंत्राचें किंवा हवा भरण्याच्या यंत्राच्या दुरुस्तीचें ज्ञान ज्यानें मिळविलें असेल, तो केवळ मासे दाखविणाऱ्यापेक्षां अधिक काळ टिकेल.

मग परदेशीं जावेंच कशाला, मालवणांत काय कमी आहे? पालकसभेंत एका भगिनींनीं हा प्रश्न केला होता. मालवणला पाणी आहे, प्रवासी आहेत, आणि तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्थाहि आहे. पण तेथें येणारा प्रवासी बहुधा आयुष्यांत प्रथमच पाण्याखालीं जातो. वाटाडी त्याला धरून थोडें खालीं नेतो, छायाचित्र काढतो, वर आणतो. पावसाळ्यांत समुद्र बंद. प्रवाहांत तुकडी सांभाळणें, खोल पाण्याचे हिशेब, निरनिराळ्या देशांच्या लोकांशीं वागणें, हें तेथें फारसें शिकावयास मिळत नाहीं. म्हणून आरंभ घरीं करावा, चार-सहा वर्षें बाहेर काढावीं, आणि शक्य तर तें कसब घेऊन परत यावें, असें आम्हांस वाटतें. परत यावेंच, असा आग्रह मात्र आम्ही धरणार नाहीं. आंब्याच्या बागा सोडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांच्या नातवंडांना असा आग्रह शोभत नाहीं.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलाला 'जा' किंवा 'जाऊं नकोस' म्हणण्यापूर्वीं त्याचा करार स्वतः वाचावा, अगर कोणाकडून वाचून घ्यावा. पगार किती आणि बक्षिसी किती, आजारी पडल्यास काय, दाबाच्या विकारावरील उपचारासाठीं विमा आहे कीं नाहीं, उपचाराची दाब-कोठी किती दूर, पासपोर्ट कोणाच्या ताब्यांत राहणार, हें विचारावें. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटांत ठेवण्यास सांगणाऱ्या मालकाकडे मुलाला पाठवूं नये. विद्यार्थ्यांसहि एक गोष्ट सांगून ठेवतों. दहावी उत्तीर्ण न झालेल्याच्या पासपोर्टवर सरकार विशेष शिक्का ठेवतें, आणि कांहीं ठराविक देशांत (थायलंड व इंडोनेशिया त्यांतच येतात) नोकरीस जाण्यापूर्वीं त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. तेव्हां 'मला तर समुद्रांत जायचें आहे, मला भूमिति कशाला' असें म्हणणाऱ्या मागील बांकावरील मंडळींनीं याची नोंद घ्यावी.

हा लेख लिहून होत असतांना ते तांडेल गृहस्थ शाळेंत आले होते. आम्हीं त्यांना दोन्ही माजी विद्यार्थ्यांची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली. मग म्हणाले, "वारा बघून मी किती तरी वेळां होडी काढीत नाहीं. खलाशी कुरकुरतात, पण होडी माझी आहे. दुसऱ्याच्या होडीवर होतों तेव्हां काढावी लागायची." आम्हांस जें सांगण्यास इतकीं पानें लागलीं तें त्यांस आधींपासूनच ठाऊक होतें.

मुलाचे कान त्यांनीं डॉक्टरांकडून तपासून घेतले आहेत. परीक्षा झाल्यावर तो प्राथमिक शिक्षणासाठीं तारकर्लीस जाईल. १८ मीटरपर्यंत जाण्याचें पहिलें प्रमाणपत्र त्याच्या वयास मिळूं शकतें. मालदीवचा विचार वयाचीं अठरा वर्षें भरल्यावर. तोंपर्यंत बाप दर महिन्यास पोस्टांतील खात्यावर मुलाच्या नांवें कांहीं रक्कम ठेवणार आहे, आणि ती परतीच्या तिकिटाखेरीज दुसऱ्या कशासहि काढावयाची नाहीं, असें दोघांचें ठरलें आहे.